शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजचा समजा : महाराष्ट्रातल्या प्राचार्यांना खुलं पत्र

माननीय प्राचार्य महोदय,

सप्रेम नमस्कार.

एका कॉलेजच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या टेबलावर माझी बरीचशी नोकरी गेली. निवृत्त झालो तरी ते टेबल काही सुटलं नाही. प्रवेश सुरू झाले की ओळखीपाळखीतली पोरं कागदांची पिशवी घेऊन दारात येतात आणि मी चष्मा लावून महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचं सरकारी पोर्टल, उघडून बसतो. तेवढ्या अनुभवाच्या भांडवलावर हे पत्र लिहितोय. कुठल्या एका कॉलेजचं नाव घेऊन तक्रार करायची नाही. अनुदानित असो की विनाअनुदानित, पुण्यातलं असो की तालुक्याच्या गावातलं, थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चालतं.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. शिष्यवृत्तीचा अर्ज अडला, परत आला किंवा मुदतीत गेलाच नाही, तर आज आपण म्हणतो, ‘पोराने नीट भरला नाही.’ हे म्हणणं बंद करा. प्रवेश दिलात त्या दिवसापासून तो अर्ज कॉलेजचा समजा. तो मंजूर होऊन पैसे जमा होईपर्यंत कॉलेजातल्या एका माणसाने, ज्याचं नाव फलकावर लिहिलेलं असेल अशा माणसाने, त्याच्या मागे लागायचं. बाकी पुढे जे लिहिलंय ते हे का म्हणतोय त्यासाठी.

योजनाच नाहीत असं म्हणायची सोय राहिलेली नाही. अनुसूचित जातीच्या मुलांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आपण कार्यालयात जिला नुसतं ‘जीओआय’ म्हणतो. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं तर फ्रीशिप, म्हणजे फीमाफी, आहे. आदिवासी, ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास, अल्पसंख्याक, दिव्यांग, प्रत्येकाच्या खात्याची वेगळी योजना. खुल्या गटातल्या गरीब मुलांना आठ लाखांच्या मर्यादेत राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, तिला अजूनही सगळे ईबीसीच म्हणतात. मुलींसाठी तर ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. घरोघर ‘मुलींना शिक्षण मोफत’ एवढंच ऐकू गेलं. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यात नाहीत, व्यवस्थापन कोट्यातले प्रवेश नाहीत, आणि शिक्षण व परीक्षा शुल्काखेरीज पावतीवर जे बाकीचे रकाने असतात तेही नाहीत, हे मात्र पोरीला कळतं ते पावती हातात पडल्यावर. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत मैदानाचा फोटो पानभर असतो. त्यात हे चार ओळीत सांगायला काय हरकत आहे?

भत्त्याच्या रकमा फार तोकड्या आहेत हेही खरं. जीओआयमध्ये २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरून ये-जा करून साधं बीए करणाऱ्या मुलाला वर्षाला ३,००० रुपये निर्वाह भत्ता. महिन्याचे अडीचशे झाले. पण तो दिल्ली-मुंबईचा विषय, तुमच्या हातातला नाही, म्हणून सोडतो. तुमच्या हातातलं जे आहे तेच लिहितो.

एक उदाहरण सांगतो, म्हणजे ‘अर्ज भरणे’ या दोन शब्दांत काय काय येतं ते दिसेल.

बीड जिल्ह्यातली मुलगी, शहरात बीएस्सीला. आईबाप ऊसतोडीला जाणारे, दोघांचा मिळून एक कोयता. दिवाळीच्या सुमाराला टोळी निघाली आणि सीमेकडच्या एका कारखान्यावर गेली. ही माझ्यासमोर फॉर्म भरायला बसली. आधार क्रमांक टाकला आणि ओटीपी गेला बापाच्या मोबाईलवर, कारण आधार काढलं तेव्हा घरात तो एकच नंबर होता. तिने फोन लावला. बाप उसाच्या फडात. फोन कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीत, धाकट्या भावाजवळ. मेसेज कुठे येतो ते पोराला ठाऊक, पण शाळा सुटलेली, आकडे ओळखता येईनात. तो एकेक आकडा दिसतो कसा ते सांगायला लागला. ‘एक काठी हाय. मंग एकावर एक दोन गोळे हायेत. मंग वाकडी काठी.’ ही इकडे कागदावर लिहून घेतेय. एकावर एक दोन गोळे म्हणजे आठ हे कळेपर्यंत आणि वाकडी काठी सात की एक हे ठरेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. परत मागवला, परत तेच. रात्री आठनंतर बाप कोपीवर आला तेव्हा काम झालं.

आता सांगा, कॉलेजच्या खिडकीवर पाटी असते ‘वेळ ११ ते १’. रात्री आठला ओटीपी येणाऱ्या पोरीने काय करायचं?

याच मुलीची दुसरी अडचण जास्त साधी होती आणि ती टाळता आली असती. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणजे दर आर्थिक वर्षाला नवा काढायचा. त्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, दाखला मिळायला तेवढाच वेळ लागतो). बापाचं स्वयंघोषणापत्र लागतं, सही लागते. प्रवेशाच्या दिवशी, जून-जुलैत, बाप गावातच होता. त्या दिवशी तिच्या हातात कुणी कागदांची यादी दिली असती तर आठवड्याभरात सेतू केंद्रातून दाखला निघाला असता. यादी नोटीस बोर्डावर लागली ती महाडीबीटीची मुदत संपत आल्यावर. तोवर बापाने टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली आणि टोळी गेलेली. उचल घेतलेला माणूस दाखल्यासाठी टोळी सोडून गावी येऊ शकत नाही. आपल्या नोटिशीची तारीख आणि ऊसतोडीचा हंगाम यांचा काही संबंध असतो हे कॉलेजात कुणाच्या डोक्यातच येत नाही. विदर्भ-मराठवाड्यातून कामाला बाहेर जाणारी माणसं, वीटभट्टीवरची माणसं, सगळ्यांचं असंच आहे. कागद मागायची वेळ जूनच.

तेही जाऊ द्या. सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेरीतून आलेल्या मुलाचे जातीचे, उत्पन्नाचे, अधिवासाचे दाखले सुविधा केंद्रावर तपासलेले असतात. तेच कागद तो प्रवेशाच्या वेळी तुमच्या कार्यालयात परत देतो. तेच पुन्हा स्कॅन करून महाडीबीटीवर टाकतो. आणि तिथे आपलाच लिपिक ते ‘अस्पष्ट’ म्हणून परत पाठवतो! त्याच्या मागच्या कपाटात त्या कागदांची झेरॉक्स असते.

परत पाठवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त पोरं इथे गळतात. बहुतेकांनी फॉर्म भरलेला असतो नेट कॅफेत. कॅफेवाला घाईत स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतो, युजरनेम-पासवर्ड त्याच्याच वहीत राहतो. मग ‘सेंट बॅक’चा मेसेज जातो कॅफेवाल्याला, आणि त्याच्या दुकानात रोज शंभर मेसेज. पोराला वाटतं अर्ज ‘अंडर स्क्रुटिनी’ आहे. किंवा नंबर पोराचाच असतो, पण रिचार्ज संपल्यामुळे बंद पडलेला असतो. आणि मेसेज मिळालाच, तर शेऱ्यात काय लिहिलेलं असतं? ‘योग्य कागदपत्र जोडावे.’ कुठलं? अयोग्य काय होतं? गॅप सर्टिफिकेट नाही, की रेशनकार्डाची मागची बाजू नाही, की वडिलांचं नाव एका दाखल्यावर ‘ज्ञानोबा’ आणि दुसऱ्यावर ‘ज्ञानदेव’ आहे? लिपिकाला ते माहीत असतं. एक ओळ मराठीत जास्त लिहायची, एवढंच काम. ती ओळ लिहिली तर पोराची कॉलेजपर्यंतची एक खेप वाचते, आणि एसटीने ये-जा करणाऱ्या पोराची एक खेप म्हणजे एका दिवसाचं कॉलेज आणि येण्याजाण्याचं भाडं.

यातला सगळ्यात नाजूक भाग तुमच्याच लॉगिनचा आहे, सर. अर्ज लिपिकाकडून पुढे गेला की प्राचार्यांच्या लॉगिनला येतो, तिथून खात्याकडे. कागदोपत्री तो तुम्ही तपासता. प्रत्यक्षात तुमचा पासवर्ड कार्यालयातल्या एका चिठ्ठीवर असतो हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. माझी त्याला हरकत नाही. हरकत आहे ती अर्ज तिथे महिनोन्‌महिने पडून राहतात त्याला. समाजकल्याण खातं दरवर्षी पत्रकं काढून सांगतं की महाविद्यालयांनी आपल्या स्तरावरचे प्रलंबित अर्ज निकाली काढावेत. म्हणजे त्या मुलांनी फॉर्म भरला, कागद जोडले, सगळं केलं आणि गाडी तुमच्या केबिनच्या दारात थांबली. दर सोमवारी लॉगिनमधली प्रलंबित यादी छापून टेबलावर ठेवायला सांगा. यादी बघायला एक कप चहा पिण्याएवढा वेळ लागतो.

पैसे मंजूर झाले म्हणजे संपलं असंही नाही. जीओआयमध्ये आता केंद्राचा हिस्सा ६० टक्के आणि राज्याचा ४०, आणि केंद्राचा हिस्सा थेट मुलाच्या आधारला जोडलेल्या खात्यात येतो. त्यात कॉलेजचं शुल्कही असतं, ते मुलाने सात दिवसांत कॉलेजात भरायचं. हे कुणी समजावून सांगत नाही. ज्या घरात एवढी रक्कम एकगठ्ठा कधी आलेली नाही, तिथे ती आली की त्याच दिवशी वाण्याची उधारी, आजीचं ऑपरेशन, बहिणीचं लग्न असं काहीतरी दारात उभंच असतं. महिन्याने कॉलेज म्हणतं पैसे भरा, निकाल मिळणार नाही. पोरगं गडबडतं. काही जण तर कॉलेजला यायचंच बंद करतात. अशा मुलाला ‘शिष्यवृत्ती खाल्ली’ म्हणणारे महाभाग मी पाहिलेत. पैसे येण्याच्या आधी त्याच्या घरच्यांशी फोनवर कुणी पाच मिनिटं बोललं असतं तर ही वेळ आली नसती. आणि ती पाच मिनिटं पोस्टरने भागत नाहीत. बोलणारा माणूस लागतो.

आणखी एक बारीक गोम. आधारचे पैसे जातात ते शेवटी ज्या बँकेत आधार जोडलं गेलं त्या खात्यात. सिमकार्ड घेताना किंवा कुठल्याशा अ‍ॅपवर अंगठा लावताना पोराच्या नकळत पेमेंट्स बँकेचं खातं उघडलेलं असतं. पोरगं गावातल्या बँकेत पासबुक भरून भरून थकतं, पैसे दुसरीकडेच जाऊन बसलेले. अर्ज भरतानाच आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते ऑनलाईन बघून घ्यावं. टेबलावर बसलेल्या माणसाने एकदा ही सवय लावून घेतली की झालं.

आता राहण्या-खाण्याचं.

२६ जूनला तुमच्या कॉलेजात शाहू महाराजांच्या प्रतिमेला हार घातला जातो, सामाजिक न्याय दिन म्हणून भाषणं होतात. त्या भाषणांत एक गोष्ट हमखास येते, की महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहं काढली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, पुढे जैन, मुस्लिम अशी एकेका समाजाची, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. पण त्यांनी हे का केलं ते भाषणात येत नाही. फी माफ केली तरी खेड्यातला मुलगा शहरात शिकू शकत नाही, त्याला निजायला जागा आणि दोन वेळची भाकरी लागते, हे त्यांना कळलं होतं. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग काढलं ते याच वाटेने.

आज त्या जागी स्वाधार आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना जेवण, राहणं आणि निर्वाह मिळून मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६०,०००, इतर महापालिकांच्या हद्दीत ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये. आदिवासी मुलांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, ओबीसी मुलांना सावित्रीबाईंच्या नावाची आधार योजना. चांगल्या योजना आहेत, मी मुलांना त्या आग्रहाने भरायला लावतो. पण पैसे येतात मागाहून आणि घरमालक मागतो आगाऊ. पुण्यात कॉट बेसिसवर जागा घ्यायची तर डिपॉझिट पहिल्या दिवशी, मेसवाल्याला महिन्याचे पैसे पहिल्या दिवशी. स्वाधारचा हप्ता परीक्षा उरकल्यावर आला तर मधले महिने मुलाने कशावर काढायचे? एकवेळ जेवून काढतात. वर्गात पहिल्या तासाला डुलक्या घेणारा मुलगा आळशी असतो असं नाही, हे तुमच्या प्राध्यापकांनाही जरा सांगा.

इथे कॉलेजला करता येण्यासारखं आहे. संस्थेच्या तिजोरीतून एक छोटा फिरता निधी ठेवा. मेसचे दोन महिन्यांचे पैसे, परीक्षा फॉर्मची फी, एसटीचा पास, एवढ्यापुरता. शिष्यवृत्ती आली की मुलाने परत करायचे. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात स्वागत कमानीला आणि शाल-श्रीफळाला लागतात तेवढ्या पैशांत ही सुरुवात होते. ‘पोरं परत करत नाहीत’ असं मला सांगू नका. मी उसने दिलेले पैसे परत करायला पोरं पहिल्या पगाराच्या दिवशी आलेली आहेत. न आलेलीही आहेत, पण थोडी.

माणूस कुठून आणायचा, हा तुमचा प्रश्न असणार. लिपिकाची पदं रिकामी आहेत, आहे त्या माणसाकडे प्रवेश, परीक्षा, नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली, सगळंच. मान्य. मी त्याच खुर्चीत होतो, मला उगाच लिपिकाला झोडपायचं नाही. पण कागदावर माणसं आहेत. विद्यापीठ कायदा २०१६ मध्ये विद्यार्थी विकास मंडळ आहे, प्रत्येक कॉलेजात त्याचं काम बघणारा विद्यार्थी विकास अधिकारी असतो. समाजकल्याण खात्याच्या सांगण्यावरून समान संधी केंद्रंही उघडली गेलीत. बऱ्याच ठिकाणी केंद्र म्हणजे भिंतीवरची पाटी आणि उद्घाटनाचा फोटो. त्या पाटीखाली एक टेबल आणि दोन खुर्च्या टाका.

आणि खुर्चीवर बसवा कमवा व शिकामधली मुलं. भाऊरावांची ही योजना आज कितीतरी कॉलेजांत झाडांना पाणी घालणं आणि ग्रंथालयात पुस्तकं लावणं एवढ्यावर येऊन थांबलीय. तिसऱ्या वर्षाच्या मुलीने स्वतःचा अर्ज दोनदा भरलेला असतो, एकदा परत आलेला असतो, आधार जोडणीचा घोळ तिने निस्तरलेला असतो. तिच्याएवढं तज्ज्ञ माणूस कार्यालयात सापडणार नाही. तिला तासाचे पैसे द्या आणि पहिल्या वर्षाच्या मुलांचे अर्ज भरायला बसवा. संध्याकाळी बसवा. खिडकीवरच्या लिपिकाला जे पोरगं घाबरतं ते तिच्याशी मोकळं बोलेल, बापाचा फोन कोपीवर असतो हे सांगायला त्याला लाज वाटणार नाही. लिपिक आणि प्राध्यापक वर देखरेखीला. सुरुवातीला चुका होतील, पण त्या आजही होतातच.

शेवटचं, जरा कडू. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलाकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये असं शासन वारंवार बजावतं. तरी ‘आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ’ हे वाक्य दर जुलैला ऐकू येतं, आणि ते परत मिळवताना मुलाच्या चपला झिजतात. शासनाकडून कॉलेजचे पैसे वर्ष-वर्ष येत नाहीत, विनाअनुदानित संस्थांना पगार भागवायचे असतात, हे मला माहीत आहे. त्यासाठी मंत्रालयात जाऊन भांडा, आम्ही मागे उभे राहू. पण त्याची वसुली पोराकडून नको, आणि टीसी-गुणपत्रिका अडकवून तर मुळीच नको. मूळ प्रमाणपत्रं संस्थेने ठेवून घेऊ नयेत असं यूजीसीने ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत सांगितलेलं आहे. ती अधिसूचना तुमच्या कार्यालयात आलेली आहे. आवक-जावक नोंदवहीत बघा.

तेव्हा येत्या प्रवेशाला एवढं करून बघा : प्रवेशाच्या पावतीबरोबर कागदांची यादी, प्रवेशाच्या टेबलाशेजारी शिष्यवृत्तीचं टेबल, आणि सूचना फलकावर दर सोमवारी तीन आकडे. किती मुलं पात्र, किती अर्ज पुढे गेले, किती आपल्याकडे अडकलेत. तिसरा आकडा फलकावर लागायला लागला की तो कमी कसा करायचा ते तुम्हाला कुणी शिकवायला नको.

टेबल लावणार असाल आणि पहिल्या दोन-चार दिवसांत कुणी जाणता माणूस हवा असेल, तर जवळच्या कॉलेजात मी येऊन बसायला तयार आहे. मानधन नको. वीज गेली तरी चालणारं इंटरनेट मात्र ठेवा.

आपला,
शिष्यवृत्तीच्या टेबलावरचा एक निवृत्त लिपिक